मामाचा हरभरा आणि ३० टक्के पृथ्वी

जानेवारीत मामाकडे गेलो होतो, देवराष्ट्र्याजवळ, आणि जेवणं झाल्यावर मामा म्हणाला चल राखणीला. मला वाटलं मजा येईल. कसली मजा, थंडीनं दात वाजायला लागले, हातात एक बॅटरी, बडवायला तेलाचा रिकामा डबा आणि अंगावर घोंगडं. साडेबाराच्या सुमारास बॅटरी मारली तर हरभऱ्यात दहा-बारा जोड डोळे चमकले. चितळं! घाटे भरायला लागले की येणारच म्हणे. मामानं डबा बडवला, ती चार पावलं सरकली आणि परत माना खाली. अजिबात भीत नाहीत, दावणीची असल्यासारखी.

ही सागरेश्वरची हरणं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, सागरेश्वर हे आमच्या सांगली जिल्ह्यातलं अभयारण्य, आणि ते जंगल माणसांनी उभं केलंय. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी लोकांना सोबत घेऊन बोडक्या डोंगरावर झाडं लावली, नुसती लावली नाहीत तर जगवली, आणि १९८५ ला ते अभयारण्य झालं. मला त्याचा अभिमान आहेच. पण क्षेत्र किती, तर १०.८७ चौरस किलोमीटर. भोवती ऊस, द्राक्षबागा, शाळू. हरणं खाणारा मोठा प्राणी आत कायमचा नाही, बिबट्या आला तर आला. मग हरणं वाढणार, आतलं गवत पुरणार नाही आणि मामाचा हरभरा तर कुंपणाला लागूनच.

तर त्या माचावर बसून मला ती ३० टक्केवाली बातमी आठवली. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगभरातल्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र जैवविविधतेसाठी राखायचा. तेव्हा जमिनीचा आकडा १७ टक्क्यांच्या आसपास होता, समुद्राचा ८. बऱ्याच शास्त्रज्ञांना ३० सुद्धा कमी वाटतात, मुंग्यांवर आयुष्य घालवलेले ई. ओ. विल्सन तर निम्मी पृथ्वी सोडा म्हणत होते. तेव्हा मी वाचून हो का म्हणालो आणि पुढं स्क्रोल केलं.

पण त्यामागचा हिशोब साधा आहे. जागा दहापट वाढली की तिथं टिकणाऱ्या प्रजाती साधारण दुप्पट होतात, आणि उलटं धरलं तर दहातला एकच भाग शिल्लक ठेवला की निम्म्या प्रजाती हळूहळू जातात, निम्मी जागा ठेवली तर मात्र ८५ टक्क्यांच्या आसपास वाचतात. आणि तुकडा सुटा असेल तर अजून वाईट, कारण तो बेटासारखा होतो, बाहेरून नवीन रक्त येत नाही आणि आतल्याला जायला वाट नाही. सागरेश्वर म्हणजे उसाच्या समुद्रातलं बेटच की.

आता चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान बघा. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, ११६५ चौरस किलोमीटर, म्हणजे सागरेश्वरच्या शंभरपट. एवढं असून वाघ दिसेना, नावाचाच व्याघ्र प्रकल्प म्हणून लोक हसायचे. मग २०१८ ला कॅमेऱ्यात वाघाचा फोटो आला. इकडं वाघ येतात ते दक्षिणेकडून, गोवा-कर्नाटकातल्या जंगलातून तिलारी, राधानगरी असं करत, आणि मधली एक कडी तुटली की संपलं. वाघाला खायला हवं म्हणून आमच्या सागरेश्वरचीच काही चितळं चांदोलीत नेऊन सोडली. म्हणजे जिथं हरणं जास्त तिथून वाट नाही, म्हणून ती गाडीत घालून न्यायची!

हे सगळं मी मामाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो ऐकून घेतो, मधे बोलत नाही. शेवटी म्हणाला, "आरं पर ती तीस टक्के कुणाच्या रानातली?"

इथं मी अडकलो. कारण चांदोलीतून उठवलेली माणसं आम्हाला लांबची नाहीत, लग्नाकार्यात पंगतीला शेजारी बसतात, आणि त्यांच्यातली म्हातारी माणसं अजून जुन्या गावच्या देवाचं नाव काढून गप्प होतात. शास्त्रज्ञांचं म्हणणं मला पटतं, जंगल वाढलंच पाहिजे, पण टक्के पूर्ण करायला गावं उठवायची असतील तर मी मामाच्या बाजूनं. तसं माँट्रियलच्या ठरावातही स्थानिकांचे हक्क आणि जंगलं एकमेकांना जोडलेली असणं दोन्ही लिहिलंय, फक्त बातमीत आकडा तेवढा येतो.

आपल्याकडं एक मधला रस्ता निघालाय, संवर्धन राखीव क्षेत्र. वाई-जावळीकडचं जोर-जांभळी, खाली विशाळगड, चंदगड, तिलारी, ही अलीकडं जाहीर झाली. यात लोकांचे हक्क राहतात, गाव उठत नाही, समितीवर ग्रामपंचायतीची माणसं असतात आणि जंगलाची साखळी मात्र जुळते. मला हे जास्त आवडतं. मामाला विचारलं तर म्हणाला समितीवर चहा बरा मिळतो.

साडेतीनला मी पेंगत होतो. मामानं परत डबा बडवला तर ती चितळं एकामागून एक रांगेनं डोंगराकडं निघाली, पोट भरलं असणार. मामा म्हणाला, "ती चांदोलीची गाडी परत कधी येणार हाय, इचार की जरा कुणाला." गेल्या वर्षीच्या नुकसानीचा पंचनामा झालाय, पैसे यायचेत. तोवर कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडणारं झटका मशीन बघायला इस्लामपूरला जायचंय म्हणतोय.