तुम्ही विचारलंत म्हणून: मोरोक्कोत स्वस्तात चांगलं कुठे खायचं?

मोरोक्कोला जाऊन आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, की तिथे खिशाला परवडेल असं चांगलं कुठे मिळतं, ताजीन, म्हणजे मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेलं मटण-भाजी, कुठलं भारी. ताजीन खाच, पण मला विचाराल तर जिथे खाटकाच्या दुकानाला लागूनच कोळशाची शेगडी पेटलीय तिथे गाडी थांबवा.

माराकेशहून वारझाझातला जाताना तिश्काचा घाट लागतो, २२६० मीटर उंच, आणि त्याच्या अलीकडे तद्दर्त नावाचं छोटं गाव आहे, ट्रकवाले टॅक्सीवाले तिथे जेवायला थांबतात. हुकाला अख्खे मेंढे टांगलेले, बाजूला धूर, प्लास्टिकच्या खुर्च्या, बस. आधी मटण निवडायचं, तो समोर वजन करतो, दोघांना अर्धा किलो भरपूर होतं, आणि भाजायचे थोडे पैसे वेगळे. दोन शब्द मात्र पाठ करून जा, ‘घन्मी’ म्हणजे मेंढीचं आणि ‘बेग्री’ म्हणजे बीफ, ज्यांना बीफ चालत नाही त्यांनी तर नक्कीच, आणि खिमा डोळ्यांसमोरच काढून घ्या.

त्या खिम्याला तिथे केफ्ता म्हणतात. कांदा, पार्सली, जिरं, लाल गोडी मिरचीची पूड, एवढंच पडतं त्यात. आमच्यावेळी शेगडीवरच्या काकांनी तो हातावर थापून दुपदरी जाळीत दाबला, निखाऱ्यांवर धरला, चरबीचे थेंब पडून जाळ उसळला की जाळी उलटायची, आणि शेवटी गोल जाड पाव, खोब्झ, त्याच मटणावर दाबून धरला म्हणजे सगळा रस पावात उतरतो. तो पावाचा ओला भाग मी अजून विसरलेलो नाही. बाजूला सालं तडकलेले भाजके टोमॅटो, ऑलिव्ह, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. चमचा शोधूच नका, पाव मोडायचा आणि उजव्या हाताने घास घ्यायचा, आपल्याला हे कोणी शिकवायची गरजच नाही.

टेबलावर मिठाशेजारी मिरपूड नाही, जिरेपूड असते. मला कळेना ती कशाला, तर समोर बसलेल्या ट्रक ड्रायव्हरने वाटी माझ्याकडे सरकवली, स्वतः चिमूटभर घेऊन मटणावर टाकून दाखवली. लहानपणापासून जिऱ्याची फोडणी खात आलोय, पण भाजलेल्या मटणावर वरून कोरडं जिरं इतकं छान लागतं हे तिथे पहिल्यांदा कळलं, आता घरी चॉप्स भाजल्या की मी तसंच करतो.

मटण न खाणाऱ्यांनी लुबिया विचारा, टोमॅटोच्या रश्शातला पांढरा घेवडा, बऱ्याच ठिकाणी असतो. रमजानमध्ये दिवसा शेगड्या बंद असतात, तेव्हा तारखा बघून जा. आणि जेवण झालं की पुदिन्याचा चहा सांगाच, लगेच उठू नका, घाट पुढेच आहे.