दोरखंडाचं पायपुसणं

माळा आवरताना आज जुना दोरखंड हाती लागला. काथ्याचा, 24 मिलिमीटर जाड, जेमतेम 10 मीटर. टाकवेना. म्हणून बसले गुंडाळी करायला. सुरुवातीचा वेटोळा सगळ्यात हट्टी, सोडला की उसळतो! शेवटी दोर ओला केला, मग जरा नमला. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला दाभणाने सुतळी ओवून शिवत गेले. गोंदाने चिकटवायचा आळशी विचार आला होता, पण पायपुसणं ओलं होणारच, मग गोंद किती टिकणार? तीन तास, दोन फोड आणि साधारण 55 सेंटिमीटरचं गोल पायपुसणं तयार. इतका दोर एवढ्यातच संपतो, हे आधी खरं वाटलं नव्हतं.

नायलॉनचा दोर असता तर टोकं वितळवून बंद करता आली असती. काथ्या नुसता जळतो, त्याला सुतळीच घट्ट गुंडाळावी लागते.

धाकटीला झोपाळा हवा होता. साफ नाही म्हटलं. उन्हापावसाने आतून कुजलेल्या दोरावर माणूस टांगायचा नसतो. ती रुसलीय. मांजर मात्र पायपुसण्यावर नखं घासत बसलंय.