सह्याद्रीचं दक्षिण टोक

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो आणि कन्याकुमारीला संपतो. लांबी सुमारे १,६०० किलोमीटर. सह्याद्रीची लांबीही साधारण तेवढीच, तापीच्या खोऱ्यापासून थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत. नकाशावर हे दोघं शेजारी-शेजारी उतरताना पाहिले तेव्हाच मी ठरवलं की सायकलनं जायचं तर याच रस्त्यानं. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, आणि डोंगर संपेल तिथे आपणही थांबायचं. मैत्रीण लगेच तयार झाली.

आता आम्ही नागरकोविलमध्ये आहोत. कन्याकुमारी इथून वीसेक किलोमीटरवर आहे.

कोकणात सह्याद्री डावीकडे नव्हताच, तो थेट चाकांखाली होता. कशेडी, परशुराम, भोस्ते. लादलेली सायकल घाट चढताना पोटऱ्यांची परीक्षा घेते आणि उतरताना ब्रेकची. सावंतवाडीला पोचेपर्यंत दोघींचे ब्रेक पॅड बदलायला झाले होते. कारवार ते अंकोल्याच्या पट्ट्यात डोंगर अगदी समुद्रापर्यंत उतरतो, मरवंतेला एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी. त्या तुकड्यावर आम्ही इतक्या वेळा थांबलो की अंतर काही कापलंच जाईना.

केरळमध्ये मात्र डोंगर दिसेनासा झाला. किनारपट्टीवर माडांची आणि घरांची इतकी दाटी की एक गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते कळत नाही. त्यात महामार्ग सहापदरी करण्याचं काम चालू, त्यामुळे मैलोन् मैल धूळ, वळणं, बाजूचे अरुंद रस्ते. तोंडाला रुमाल बांधून पेडल मारत राहायचं. त्या दिवसांत मला डोंगराची खूण मिळायची ती पुलांवर. सावित्री, वाशिष्ठी, काळी, शरावती, नेत्रावती, भारतपुळा, पेरियार. या रस्त्यावर ओलांडलेल्या बहुतेक साऱ्या मोठ्या नद्या सह्याद्रीतूनच येतात. पुलावर सायकल कठड्याला टेकवून वरच्या अंगाला बघायचं, पाणी ज्या दिशेनं येतंय तिकडे तो आहे, एवढं पुरायचं.

वर्कलाला एक मुक्काम केला. सगळे कड्यावरून दिसणारा समुद्र बघायला जातात, आम्हीही गेलो, पण मला जास्त आठवेल ती शिवगिरी. नारायण गुरूंची समाधी तिथे आहे, १९२८ साली त्यांनी तिथेच देह ठेवला. जातिभेदाविरुद्ध एवढं मोठं काम उभं करणारा हा माणूस तरुणपणी ज्या गुहेत तप करत बसला होता, ती गुहा कन्याकुमारीजवळच्या मरुंदुवाळ मलै या डोंगरावर आहे, म्हणजे आम्ही निघालो होतो त्याच वाटेवर. हे तिथे कळलं आणि पुढच्या दोन दिवसांचा बेत आपोआप ठरला.

तिरुवनंतपुरम ते कन्याकुमारी हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आतलं. सरावलेल्या पायांना एक दिवस पुष्कळ झाला. बरेच सायकलस्वार पहाटे निघून दुपारी टोकावर फोटो काढतात. मला ते फार वाईट वाटतं. इतका लांबचा रस्ता ज्याच्या सोबतीनं आलो, तो डोंगर जिथे पुन्हा जवळ येतो नेमका तोच भाग एका दमात उरकायचा? आम्ही त्याचे दोन भाग केले.

बालरामपुरम, नेय्याटिनकरा, पारशाला मागे पडलं आणि कळियिक्काविळैला तमिळनाडू लागलं. पाट्यांची लिपी बदलली, बाकी काही नाही. हा सगळा मुलूख जुन्या त्रावणकोर संस्थानाचा, १ नोव्हेंबर १९५६ ला तो मद्रास राज्यात गेला, आणि चहाच्या टपरीवर आजही एकाच वाक्यात दोन्ही भाषा ऐकू येतात. मार्तांडमच्या अलीकडे रबराच्या बागा सुरू झाल्या. घरांसमोर दोरीवर रबराचे पांढुरके पत्रे वाळत घातलेले, त्यांचा आंबूस, थोडा धुरकट वास लांबूनच येतो. मार्तांडममध्ये एका हातगाडीवर ‘मट्टी’ नावाची केळी मिळाली. बोटाएवढी, टोकाशी किंचित वाकलेली, सालीवर काळे ठिपके. गाडीवालीनं एक स्वतः सोलून हातावर ठेवलं. साल कागदासारखी पातळ, आत पिवळसर मऊ गर, आणि गोडीच्या मागे मधासारखा वास. “मुंबैलिरुन्दा, अक्का?” (मुंबईहून का, ताई?) असं विचारत तिनं मागच्या टायरवरून हात फिरवला. मधली नक्षी झिजून टायर गुळगुळीत झालाय, ते तिला माझ्याआधी दिसलं असावं. मग घडातली आणखी चार केळी तोडून पिशवीत टाकली आणि त्यांचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

तक्कलैजवळ पद्मनाभपुरमचा राजवाडा आहे. १७९५ पर्यंत त्रावणकोरची राजधानी इथे होती. गाव तमिळनाडूत, पण वाडा सांभाळतं केरळचं पुरातत्त्व खातं. चपला बाहेर काढून आत गेलो. काळ्या जमिनीवर अनवाणी पाय ठेवला आणि तळव्यातून गारवा थेट गुडघ्यापर्यंत चढला. चुना, नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, अंड्यातलं पांढरं असं काय काय घालून ती केली आहे म्हणतात. इतकी गुळगुळीत की लाकडी खिडकीच्या जाळीची नक्षी तिच्यात उलटी दिसते. आमच्या पावलांचे घामट ठसे क्षणभर उमटायचे आणि विरायचे. तळहातांना करंगळीकडून आलेल्या मुंग्या गेले कित्येक दिवस जात नव्हत्या, मी दोन्ही हात त्या जमिनीवर टेकवून बसले तेव्हा बरं वाटलं.

वाड्यातून बाहेर आलो तर मागे डोंगर उभा! वेळी टेकड्या, आणि त्यांच्यापलीकडे निळसर रांग. केरळभर हरवलेला सह्याद्री असा एकदम, हात पुढे केला तर लागेल इतका जवळ. मैत्रीण काही न बोलता सायकलवरून उतरली. तिथून नागरकोविलपर्यंत आम्ही मुद्दाम सावकाश आलो. इथून ईशान्येला महेंद्रगिरी आहे, जवळजवळ कळसूबाईएवढा उंच, आणि त्याच्या पुढे रांग झपाट्यानं उतरत जाते. सुरुवातीला मी रोजचे किलोमीटर वहीत लिहीत होते. आता वही उघडावीशीच वाटत नाही. रोज उठायचं, हवा बघायची, चेनला तेल द्यायचं, निघायचं, या क्रमाची शरीराला इतकी गोडी लागलीय की परवा सकाळी काय करायचं या विचारानं पोटात खड्डा पडतो. पोचण्याची घाई मला आता उरलेली नाही.

उद्या आधी शुचींद्रम. तिथल्या पळयार नदीवरचा पूल हा आमचा शेवटचा मोठा पूल. मग मरुंदुवाळ मलै. हनुमान संजीवनी नेत असताना त्या पर्वताचा एक तुकडा इथे पडला, असं इथले लोक सांगतात, आणि औषधी वनस्पतींसाठी हा डोंगर प्रसिद्ध आहे. सह्याद्रीचं दक्षिण टोक हेच मानतात. सायकली पायथ्याशी कुलूप लावून ठेवायच्या आणि गुहेपर्यंत चढायचं. समुद्र त्यानंतर.

कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकावर जायचंच आहे. ज्यांनी एकेक रुपयाची वर्गणी गोळा करून ते १९७० साली उभं केलं, ते एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. एवढ्या लांब येऊन कुणा वऱ्हाडी माणसाचं काम बघायचं, याचं मला फार अप्रूप आहे. परतीला पुण्याची जयंती जनता एक्सप्रेस आहे, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये बुक करायच्या. पण त्यासाठी स्टेशनवर परवा जाऊ. मैत्रीण आत्ताच म्हणाली, “गुहेपर्यंत चढायचं तर पाच वाजता निघू गं, ऊन व्हायच्या आत वर पोचलो पाहिजे.” मी गजर लावलाय.