काळ्या घोड्याचा पूल आणि फूट

रविवार, रात्री

सकाळी आत्याला स्टेशनवर सोडून परत येत होतो तर बडोद्यात विश्वामित्री नदीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेला, म्हटलं कोणी पडलं की काय, बघतो तर कठड्याला माणसांची ही गर्दी आणि खाली चिखलावर मगर. झालं, मीपण ॲक्टिव्हा साइडला लावली. चांगली दांडगी होती, जबडा उघडून ऊन खात पडलेली, शेपटीजवळ चिप्सचं रिकामं पाकीट. शेजारचा एकजण म्हणे "नकली वाटते, हलतच नाही". अरे बाबा, तापलेलं अंग थंड करायला ती तोंड उघडं ठेवते, तुला दाखवायला नाही.

पाण्याला वास असा की नाकाला रुमाल लावावा लागतो, गटाराचं पाणी सगळं तिथेच येतं, आणि त्यातच या मगरी मस्त राहतात, पिल्लं काढतात. शहराच्या मधोमध!

एरवी आपण बडोदेकर हा पूल बघतच नाही, कोठीकडून स्टेशनला जायचा रस्ता एवढंच. पण श्रावणात सगळ्यांच्या तोंडी एकच, काळ्या घोड्याला किती फूट? नदीचं पाणी 26 फूट ही धोक्याची पातळी, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ. आत्या तर पुण्याहून फोन करून आधी फूट विचारते, मग तब्येत. आणि गंमत म्हणजे इथला पाऊस थांबला, छान ऊन पडलं की आपण निवांत होतो, आणि खरी नदी तेव्हाच चढायला लागते, कारण पावागडाकडचं आणि आजवा धरणाचं पाणी मागाहून येतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये तेच झालं, 35 च्या वर गेली. मगरी रस्त्यावर आल्या, लोक व्हिडिओ काढत बसले. पुलाजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यावर 1907 पासून बसलेल्या सयाजीराव महाराजांनी काय काय बघितलं असेल देव जाणे.

काकांचं घर तळमजल्यावर, त्यांचा फ्रिज तेव्हा हॉलमध्ये तरंगत होता. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता सगळ्यांच्या कमरा गेल्या. आता जून लागला की काका फ्रिज विटांवर चढवतात आणि दूध काढायला काकूला स्टूल लागतं, त्यावरून रोज भांडण.