आधी नोट्स युनिकोडमध्ये आणा

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात मराठीतून शिकवणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांकडे वर्षानुवर्षं जपलेल्या, टाइप केलेल्या नोट्स आहेत. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी अशा विषयांची ही खरी कमाई. पण यातला मोठा भाग श्रीलिपीच्या किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलाय. तीच फाइल गूगल क्लासरूमवर टाकली की गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या मुलाला मोबाईलवर उलटीसुलटी रोमन अक्षरं दिसतात. मग 'मुलं वाचत नाहीत' असा निष्कर्ष निघतो. वाचणार काय?

कारण समजून घ्या, म्हणजे उपाय नीट होतो. जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. आत रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार रंगवतो. फॉन्ट नसला की रंग उडतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठल्याही मोबाईलवर मराठीच दिसतं. पीडीएफ केली तर फॉन्ट तिच्यात बांधला जातो, त्यामुळे दिसायला ठीक दिसते. पण त्यात 'आरक्षण' शोधलं तर सापडत नाही, उतारा कॉपी केला तर कचरा येतो आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. म्हणून नुसती पीडीएफ करून थांबू नका.

रूपांतर असं करा. वर्डमध्ये मजकूर निवडून फॉन्टचं पूर्ण नाव, पुढच्या आकड्यासकट, कागदावर टिपा. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तोच फॉन्ट निवडावा लागतो. दुसरा निवडला तर निम्मं बरोबर आणि निम्मं चूक येतं, आणि ते जास्त धोक्याचं, कारण चूक लगेच नजरेत भरत नाही. एका वेळी एकच प्रकरण घ्या. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. इंग्रजी शब्द आणि संदर्भ आधी वेगळे काढा, नाहीतर कन्व्हर्टर त्यांचीही देवनागरी खिचडी करतो.

रूपांतरानंतर चुका ठरावीक जागी होतात. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ती व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठते, त्यामुळे जोडाक्षरावर ती सरकते. रफाराचं याच्या उलट. तिसरी जागा म्हणजे खास मराठीचा अर्धा र. सह्याद्रीच्या 'दऱ्या' कन्व्हर्टरमधून 'दर्या' होऊन बाहेर पडतात, आणि दर्या म्हणजे समुद्र. स्पेलचेकर हे पकडत नाही, दोन्ही शब्द खरे आहेत. ॲ आणि ऑ, अवतरणचिन्हं, आकडे हेही डोळ्यांखालून घाला. पहिल्या चार-पाच पानांत सापडलेल्या चुकांची यादी केली की बाकीचं काम 'शोधा आणि बदला' या सोयीने भराभर होतं; फक्त 'दर्या'सारखे शब्द एकगठ्ठा बदलू नका, प्रत्येक जागा बघून बदला.

फाइलच हरवली असेल आणि छापील पानं उरली असतील, तर ती स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर वेगळा होऊन येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा, म्हणजे पानं तुकड्यांत चढवा. हस्तलिखितावर यात वेळ घालवू नये. त्यासाठी डॉक्समधलं मराठी व्हॉइस टायपिंग बरं: वाचत जायचं, विरामचिन्हं मागाहून हाताने द्यायची.

हे काम वेळखाऊ आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना तर मानधन घेतलेल्या तासांचंच मिळतं, या तयारीचं नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) वापराचे फोटो गोळा करण्यात जेवढी शक्ती जाते, तेवढी विभागाने एकेक प्रकरण वाटून घेण्यात लावली तर एका सत्रात अख्खा पेपर युनिकोडमध्ये येईल. ही मागणी विभागाच्या बैठकीत स्पष्टपणे मांडली पाहिजे.

वर्गात दाखवायची पीपीटी असेल तर अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको आणि ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला भिडतात. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलून मांडणी विस्कटते, म्हणून पीडीएफ प्रतही पेन ड्राइव्हवर हवी. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए केबल असेल तर तिच्यातून आवाज जात नाही. स्पीकर वेगळा जोडा.

व्हिडिओपेक्षा आवाजाची फाइल आमच्या भागात जास्त उपयोगी पडते. ६४ केबीपीएस मोनोमध्ये १० मिनिटांचा आवाज साधारण ५ एमबी होतो. तेवढ्याच वेळाचा १ एमबीपीएसचा व्हिडिओ ७५ एमबी. राधानगरीकडे पावसात रेंज जाते-येते, तिथे हा फरक ऐकणं आणि न ऐकणं यातला आहे. वायरच्या इअरफोनचा माइक पुरतो, फक्त पत्र्याच्या छताखाली पावसात रेकॉर्डिंग करू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारख्या दिवसांसाठी महिन्याभराच्या नोट्स आणि आवाजाच्या फाइली जुलैच्या आधीच मुलांच्या मोबाईलवर उतरवून घेतलेल्या असाव्यात.

आता चाचणी. गूगल फॉर्मच्या क्विझमध्ये छोट्या उत्तराचा प्रश्न अक्षरशः जुळवून तपासला जातो. 'कोल्हापूर संस्थानात ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा कोणत्या वर्षी निघाला?' याचं उत्तर तुम्ही १९०२ असं देवनागरी आकड्यांत भरलं आणि मुलाने इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तर त्याला शून्य मिळतं. उत्तरसूचीत दोन्ही रूपं भरा. नावांच्या बाबतीत 'शाहू महाराज', 'राजर्षी शाहू', 'छत्रपती शाहू महाराज' अशी सगळी रूपं द्यावी लागतात, त्यापेक्षा बहुपर्यायी प्रश्नच बरा. पर्यायांचा क्रम बदलत राहील अशी सोय चालू असेल तर 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय ठेवू नका, तो सगळ्यांत वरही जाऊन बसू शकतो. गुण लगेच न दाखवता 'तपासल्यानंतर' हा पर्याय निवडा, आणि निकालाचा सारांश उत्तर देणाऱ्यांना दिसण्याची सोय बंद आहे ना हे पाठवण्याआधी पाहा. मग एका सहकाऱ्याला मोबाईलवरून, विद्यार्थी म्हणून, पूर्ण चाचणी सोडवायला द्या. दहा मिनिटांत सगळी गफलत हाती येते.