वेल्सच्या वेशीवर तीन दिवस

शनिवार, रात्र

आज आई-बाबांना घेऊन वेल्शपूलला आले. बर्मिंगहॅमहून गाडी न बदलता दीड तासात पोचता येतं. श्रूजबरी गेलं की डोंगर जवळ यायला लागतात, मेंढ्यांचे कळप दिसायला लागतात, आणि इंग्लंड संपून वेल्स कधी सुरू झालं ते कळतही नाही. इथून इंग्लंडची हद्द पाच-सात किलोमीटरवर. स्टेशनवरच्या पाटीवर गावाची दोन नावं. वेल्शमध्ये ‘अ त्राल्लूंग’, म्हणजे पाणथळ, पाय खचेल अशी जमीन. इंग्रजीत आधी नुसतं ‘पूल’ होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावाशी घोळ व्हायला लागला म्हणून १८३५ मध्ये ‘वेल्शपूल’ केलं. बाबांनी उतरल्या उतरल्या वही काढून दोन्ही नावं देवनागरीत लिहून घेतली.

या गावाला मी मुद्दाम आले. बाबा बत्तीस वर्षं विजयदुर्गाजवळच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होते. दर वर्षी आठवीच्या मुलांना घेऊन ते किल्ल्यावर जायचे, मग गिर्याला आंगऱ्यांची गोदी दाखवायचे. मीही त्या मुलांत होते. वाघोटनच्या खाडीकडे तोंड करून ते सांगायचे, “इथे आपलं आरमार उभं होतं आणि इथेच ते जळलं.” तारीख आम्हाला पाठ होती. फेब्रुवारी १७५६. समुद्राकडून अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं आणि जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह, तेव्हा वय वर्षं तीस. त्याच्या घराण्याने हिंदुस्थानातून आणलेल्या वस्तू या गावाबाहेरच्या पोविसच्या किल्ल्यात ठेवल्या आहेत. बाबा इंग्लंडला आले आणि इथे न येता परत गेले, असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

किल्ला गावातून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. हरणं राखलेल्या रानातून वाट चढत जाते. वळण घेतलं आणि समोर एकदम लाल भिंत. वेल्श लोक त्याला ‘कास्तेल कोख’, लाल किल्ला, असंच म्हणत. आमच्याकडे घरं चिऱ्याची, तोच रंग. बाबा थांबले, भिंतीजवळ गेले आणि दगडावर पंजा ठेवून उभे राहिले. चिऱ्याला भोकं असतात, हात खरखरतो. हा दगड बारीक वाळूचा, बोट फिरवलं की लाल पूड बोटाला लागते. “चिरो न्हय ह्यो,” म्हणाले, आणि ती पूड बराच वेळ झटकली नाही.

बागेबद्दल लिहायला हवं, कारण आईचा अर्धा दिवस तिथेच गेला. किल्ल्याखाली डोंगर कापून एकाखाली एक गच्च्या केल्या आहेत, सतराव्या शतकाच्या शेवटच्या. वरून यू झाडांचे अवाढव्य गोळे ओघळल्यासारखे खाली आलेत. तीनशे वर्षांची झाडं, आणि अजून दर वर्षी कातरतात. मोर मोकळे हिंडत होते. आई म्हणाली, आता मला इथे बसू दे, तुम्ही आत जाऊन या.

आतलं संग्रहालय एकाच दालनाएवढं आहे, पण पोविसच्या संग्रहात हजाराहून जास्त वस्तू आहेत. हस्तिदंती सोंगट्या, रत्नं जडवलेला हुक्का, तलवारी, चिलखतं. एक पालखी आहे, ती प्लासीच्या रणात सिराज-उद्-दौल्याने मागे टाकलेली मानतात. बरंचसं मात्र रॉबर्ट क्लाइव्हचं नाही, त्याच्या मुलाचं, एडवर्डचं. तो मद्रासचा गव्हर्नर होता, आणि त्याच्याच काळात, १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टण पडलं. टिपूच्या सिंहासनावरच्या वाघांच्या डोक्यांपैकी एक इथे आहे. सोन्याचं, माणिक-पाचू-हिरे जडवलेलं, मुठीत मावेल इतकं. आणि टिपूचा तंबू.

तंबूसमोर मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. सुती कापड, पांढरं, त्यावर छापलेली फुलं. एकेका कमानीत एक कुंडी, तिच्यातून वर जाणारी लाल-हिरवी वेल. पाकळीच्या कडेला रंग थोडा रेषेबाहेर गेलेला दिसतो, तिथे छापणाऱ्याचा हात क्षणभर हललेला असणार. आईच्या जुन्या सुती ओढणीवरचा छापही असाच. अडीचशे वर्षांहून जुनं कापड, आणि अजून मऊ असेल असं वाटत होतं. हे राजाच्या छावणीत उभं असायचं. इथे आणल्यावर ते बागेतल्या मेजवान्यांना मांडव म्हणून लावलं. हे वाचलं तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं. हत्यार जिंकून नेलं तर ते मला समजतं. कोणाचं घर उचलून आणायचं आणि त्याखाली चहा प्यायचा, हे मला आजही सहन होत नाही.

बाबा तिथे नव्हते. ते एकेक पेटी वाकून बघत निघाले होते. मला माहीत होतं ते काय शोधताहेत. “आपल्याकडचां कायतरी आसात हयसर,” म्हणाले. घेरियाच्या, म्हणजे आपल्या विजयदुर्गाच्या, लुटीची किंमत दहा लाख रुपयांच्या आसपास सांगतात. ती वॉटसन, क्लाइव्ह आणि त्यांच्या माणसांनी आपसात वाटून घेतली. पेशव्यांना त्यातलं काही दिलं नाही. बाबांना एखादं होकायंत्र, एखादी तलवार, नावाची एखादी चिठ्ठी दिसावी असं मलाही फार वाटत होतं. शेवटची पेटी झाली. नाही दिसलं.

दालनात एक वयस्क बाई होत्या, इथे स्वयंसेवक म्हणून उभ्या राहतात. त्यांनी विचारलं, कुठून आलात? बाबांनी मला मध्ये न घेता स्वतःच्या इंग्रजीत सांगितलं. वहीत खाडी काढली, किल्ला काढला, वॉटसनची जहाजं काढली. मग म्हणाले, आणि या बाजूने आमचेच लोक होते. पेशव्यांचे. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंगरे डोईजड झाले होते. त्यांचं आरमार मोडायला त्यांनी मुंबईच्या इंग्रजांना बोलावलं. जहाजांना आग लागली आणि कान्होजींनी उभं केलेलं आरमार एका रात्रीत गेलं. वर इंग्रजांनी किल्ला पेशव्यांच्या ताब्यात द्यायला महिनोन्‌महिने टाळाटाळ केली. ऑक्टोबरात तह झाला, बाणकोट त्यांनी कायमचा घेतला आणि मग विजयदुर्ग सोडला. तोवर हाच क्लाइव्ह, हाच वॉटसन बंगालच्या वाटेला लागले होते. घेरिया ते प्लासी, मध्ये फक्त सोळा महिने.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, हा किल्ला कोणी बांधला माहीत आहे का? आम्ही म्हटलं, इंग्रजांनी. त्या म्हणाल्या, नाही, वेल्श माणसानेच. ग्रिफिध आप ग्वेनविनविन, पोविसचा, म्हणजे या मुलखाचा, राजा. उत्तरेकडच्या ग्विनेधचा लेवेलिन आप ग्रिफिध सगळं वेल्स एका छत्राखाली आणत होता, ते याला सोसलं नाही. १२७४ मध्ये याने लेवेलिनच्या सख्ख्या भावाला हाताशी धरून लेवेलिनला मारायचा कट केला. बर्फाचं वादळ आलं म्हणून तो फसला. हा पळून इंग्रजांच्या आश्रयाला श्रूजबरीला गेला. १२७७ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड लेवेलिनवर चालून गेला, तेव्हा याला मुलूख परत मिळाला. पाच वर्षांत लेवेलिन मारला गेला. स्वतंत्र वेल्स संपलं. या घराण्याचं राज्य गेलं, पण जहागीर राहिली. मुलाने तर आडनावही परक्यांच्या भाषेत घेतलं, ‘द ला पोल’, पूलचा.

बाबा काही बोलले नाहीत. बागेत आलो तेव्हा आईने विचारलं, मिळालं का काही? ते म्हणाले, मिळालं.

रविवार, रात्र

आजचा दिवस आईचा. गावाच्या पश्चिमेला रेव्हन स्क्वेअरहून ल्लानफेअरला एक छोटी गाडी जाते. कोळशाचं इंजिन, लाकडी डबे, जेमतेम चौदा किलोमीटरची वाट. १९०३ मध्ये शेतकऱ्यांसाठी घातली, १९५६ मध्ये बंद पडली, आणि लोकांनी हौसेने १९६३ पासून पुन्हा चालवायला घेतली. रुळांचं माप अडीच फूट. आईचं माहेर कुर्डुवाडीचं, बार्शी लाइट रेल्वेचं हेच माप. तिने रुळांकडे पाहिलं मात्र, आणि माहेरचं नाव घेतलं. चढावर इंजिन धापा टाकायला लागलं तशी खिडकीला डोकं टेकून म्हणाली, “आषाढीला आम्ही असंच पंढरपूरला जायचो, डोळ्यात कोळसा जायचा.” आजही गेला. तिने तो पदराच्या टोकाने काढला आणि परतीच्या गाडीतही खिडकीच पकडली.

संध्याकाळी गावात एक विटांचं घर पाहिलं, अठराव्या शतकातलं, कोंबड्यांच्या झुंजींसाठी बांधलेलं. १८४९ च्या कायद्याने झुंजी बंद झाल्या. आत उभं राहिलं की आपला आवाज चहूबाजूंनी परत येतो. फार थांबावंसं वाटलं नाही.

सोमवार, गाडीत

सोमवार हा इथला मेंढ्यांच्या बाजाराचा दिवस. सकाळपासून ट्रेलरची रांग. पुकारणाऱ्याचा आवाज एका लयीत चालू असतो, भाव कळत नाही, पण लय कळते. आमच्याकडच्या माशांच्या लिलावाची आठवण झाली. तासाभराने टॅक्सी करून माँटगोमेरीला गेलो.

हे गाव वेल्शपूलहून मला जास्त आवडलं. रुंद चौक, लाल विटांचं टाउन हॉल, दोन्हीकडे जुनी घरं, आणि आवाज म्हणून नाही. मागच्या कड्यावर इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीने १२२३ मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याचे अवशेष. १६४९ मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने पाडला. वर गेलं की सगळी सेव्हर्नची थडी दिसते, वेल्शमध्ये तिचं नाव हाव्रेन. खाली कुठेतरी त्या नदीचा उतार आहे, पायी ओलांडता येईल अशी जागा, ऱ्हिद ख्विमा. इंग्रज आणि वेल्श बोलणी करायला तिथे भेटत. २९ सप्टेंबर १२६७ ला त्याच उतारावर तह झाला, आणि हेन्रीने लेवेलिनला वेल्सचा राजा, ‘प्रिन्स’, म्हणून मान्य केलं. कागदावर हेन्रीची मान्यता होती. सात वर्षांनी घरातल्यांनीच कट केला.

बाबा तटाच्या तुटक्या दगडावर बसले होते. मी विचारलं, “बाबा, नानासाहेबांना कळलं नसेल का हो, आपण काय करतोय ते?” ते बराच वेळ नदीकडे बघत होते. म्हणाले, “तुळाजी बरा माणूस होता असं नाही हां. कोकणातल्या लोकांनी त्याचा जाच सोसलाय. मुलांना मी तेही सांगायचो. नानासाहेबांची तक्रार खोटी नव्हती.” थोड्या वेळाने म्हणाले, “तक्रार खोटी नसते तेव्हाच माणूस बाहेरच्याला हाक मारतो.” वर्गात ते असं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. तिथे पेशव्यांची चूक एका ओळीत असायची आणि आम्ही ती खाली रेघ मारून लिहायचो.

उतरून गावाच्या पूर्वेला दीडएक किलोमीटरवर ऑफाचा बांध पाहिला. ऑफा हा मर्शियाचा, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा, राजा, आठव्या शतकातला. वेल्श मुलखाच्या बाजूला खंदक आणि आपल्या बाजूला मातीचा बांध, असा डोंगरातून किती तरी कोस. इथे तीनेक किलोमीटर आजची हद्दही त्यावरूनच जाते. आता तो गवताने भरलेला, कमरेएवढा उरलाय, वर ओकची झाडं आहेत. मेंढ्या बिनदिक्कत इकडून तिकडे जातात. आईने एक पाय वेल्समध्ये, एक पाय इंग्लंडमध्ये ठेवून फोटो काढून घेतला.

परत फिरताना रस्त्याच्या कडेला पाटी आली, ‘क्रोइसो इ गम्री’, वेल्समध्ये स्वागत. बाबांनी टॅक्सीवाल्याला विचारलं, देशाचं नाव तर ‘कम्री’ ना, मग इथे ‘ग’ कसा? तो म्हणाला, आधी ‘इ’ आला की ‘क’चा ‘ग’ होतो, लहानपणी घरात ऐकूनच येतं. बाबांचा चेहरा फुलला. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचं शेपूट बदलतं, घर – घराला. यांच्याकडे तोंड बदलतं. तीन दिवसांत त्यांना एवढं खूश मी पाहिलं नव्हतं.

आता गाडी श्रूजबरी सोडून निघाली आहे. आई झोपली आहे. बाबांनी मघाशी विचारलं, त्या राजाचं नाव नीट कसं म्हणायचं? मी फोनवर उच्चार लावला. त्यांनी तीनदा ऐकला. वहीत शनिवारी काढलेला खाडीचा नकाशा होता, किल्ल्याच्या जमिनीकडच्या बाजूला ‘नानासाहेब’ लिहिलेलं. त्याच्या खाली, तसंच ठळक, त्यांनी लिहिलं: ग्रिफिध आप ग्वेनविनविन. मग ‘ग्वेन’च्या मात्रेवर पुन्हा एकदा पेन फिरवलं आणि वही मिटली.