न लिहिलेला श्वास

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत गणेशोत्सवासाठी दरवर्षी वृंदगान बसवले जाते आणि साथीला कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलांसाठी ते पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवण्याचे काम, पेटी येते एवढ्या भांडवलावर, माझ्या गळ्यात पडले आहे. मी ते लिलीपॉंडमध्ये करतो. दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माऊसने स्वर ओढून बसवायचे नसतात. साध्या मजकुराची फाइल लिहायची आणि तिच्यातून छापण्याजोगे पान काढून घ्यायचे.

स्वराच्या अक्षरापुढे वर एक छोटी रेघ (अपॉस्ट्रॉफी) दिली की सप्तक चढते, स्वल्पविराम दिला की उतरते. भातखंडे पद्धतीतल्या वर-खाली बिंदूंचेच हे भावंड. सापेक्ष पद्धतीने लिहिताना प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या जवळची जागा धरतो, त्यामुळे एक चिन्ह सुटले तर तिथून पुढचे सगळे गाणे सप्तकभर वर किंवा खाली सरकते. रात्री अकरा वाजता डोळ्यांना हे चटकन दिसत नाही. कानांना मात्र लगेच कळते. म्हणून पानासोबत वाजवून ऐकण्याजोगी फाइलही निघावी यासाठी मी मिडीचा चार अक्षरी आदेश घालू लागलो.

मिडीच्या फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणता स्वर केव्हा, किती वेळ आणि किती जोराने वाजवायचा, एवढ्या सूचना तिच्यात असतात, म्हणून ती काही केबीत मावते. त्या सूचनांना फ्लुइडसिंथसारखा प्रोग्राम साउंडफॉन्टमधले, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या संग्रहातले, आवाज लावतो आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची वेव्ह फाइल तयार होते, स्टिरिओमध्ये मिनिटाला सुमारे दहा एमबी. मग एमपीथ्री करून व्हॉट्सॲपवर. वाद्यांच्या ठरलेल्या १२८ नावांत सतार आहे, सनई आहे, तबला नाही; याचा माझा राग अजून गेलेला नाही.

पहिली फाइल ऐकली तेव्हा धृपद एकदाच वाजले. पुनरावृत्तीची खूण पानावर नीट छापलेली होती, पण ध्वनीसाठी ती उलगडून घ्यायला वेगळा आदेश द्यावा लागतो. शेवटच्या ओळीवर मी लिहिलेले ‘सावकाश’ हा शब्दही यंत्राच्या लेखी निव्वळ सजावट; लय उतरवायची तर मिनिटाला किती मात्रा ते आकड्यांत सांगावे लागते. तेही सांगितले, आणि फाइल सरावासाठी धाडली.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठले. “अहो, तुमचा पेटीवाला श्वासच घेत नाही हो! त्याच्याबरोबर गाताना माझा जीव जातो.”

काकूंचे म्हणणे खरे होते. दोन ओळींच्या मध्ये मी विराम लिहिलाच नव्हता, कारण गाणारा माणूस तिथे श्वास घेणारच, हे मी गृहीत धरले होते. मग प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर अर्ध्या मात्रेने आखडता घेतला आणि ती अर्धी मात्रा विरामाला दिली. एकाच फाइलमधून छपाईला एक आणि ध्वनीला दुसरी अशा दोन आवृत्त्या निघू शकतात, म्हणून हे विराम खूण लावून फक्त ध्वनीच्या वाट्याला ठेवले. छापील पानावर ते नाहीत. तिथे काकू पूर्वीप्रमाणेच, आपल्या सोयीने श्वास घेतात.